सिंगल माल्ट एवढी महाग का? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

सिंगल माल्ट व्हिस्कीबद्दल जळगाव, धुळे, नंदुरबारकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी कायद्याने वय २५ पूर्ण लागतं. त्याखालच्यांसाठी हे पान नाही.

१. सिंगल माल्ट म्हणजे एकाच पिंपातली दारू का?

नाही. 'सिंगल' म्हणजे एकच डिस्टिलरी आणि 'माल्ट' म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. एकाच डिस्टिलरीतल्या पन्नास-शंभर पिंपांची व्हिस्की एकत्र केली, तरी ती सिंगल माल्टच राहते. एकाच पिंपातून भरलेल्या बाटलीवर 'सिंगल कास्क' असं वेगळं लिहिलेलं असतं.

स्कॉटलंडचे २००९ चे नियम नेमके आहेत. पाणी, यीस्ट आणि माल्ट केलेलं जव एवढंच वापरायचं, पॉट स्टिलमध्ये (तांब्याच्या मोठ्या पातेल्यात, प्रश्न ३) घाणा-घाण्याने गाळायचं, ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात स्कॉटलंडमध्येच किमान ३ वर्षं ठेवायचं आणि बाटलीत अल्कोहोल ४० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांच्या माल्टचं मिश्रण केलं तर ती 'ब्लेंडेड माल्ट'. त्यात मका-गव्हासारख्या धान्याची व्हिस्की मिसळली की साधी 'ब्लेंडेड स्कॉच'.

२. जव काही महाग धान्य नाही. मग बाटली पाच-सहा हजारांना कशी जाते?

आधी एक खुलासा, कारण आपल्याकडे घोळ होतो: जव म्हणजे जवस नव्हे. जवस चटणीचं तेलबी आहे. जव गव्हाच्या जातकुळीतलं धान्य आहे, पूजेत वापरतात ते.

आता हिशेब. एक टन माल्टपासून साधारण ४०० लिटर शुद्ध अल्कोहोल निघतं. ४२.८ टक्क्यांच्या ७५० मिलीच्या खंब्यात शुद्ध अल्कोहोल असतं ३२१ मिली. म्हणजे एका बाटलीमागे सुमारे ८०० ग्रॅम माल्ट लागलं. पुढे पिंपातून उडून जाणारं धरलं तर किलोभर किंवा थोडं जास्त. २०२५-२६ च्या हंगामासाठी जवाचा हमीभाव क्विंटलला १९८० रुपये होता, म्हणजे किलोला वीस रुपयेही नाही. मोड आणणं, वाळवणं, वाहतूक सगळं धरूनही बाटलीतलं धान्य शंभर रुपयांच्या आतच बसतं.

तेव्हा सिंगल माल्टची किंमत धान्यात नाही. ती गाळण्याच्या पद्धतीत (प्रश्न ३), उडून जाण्यात आणि थांबण्यात (प्रश्न ४ आणि ५), पिंपात (प्रश्न ६) आणि सगळ्यात जास्त करांत आहे (प्रश्न ७).

३. आपल्याकडची साधी व्हिस्की कितीतरी स्वस्तात मिळते. तीही व्हिस्कीच ना?

लेबलवर तसं लिहिलेलं असतं, पण घडण वेगळी. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत मुख्य भाग असतो मळीपासून किंवा तांदूळ-मक्यापासून काढलेल्या अल्कोहोलचा, जो कॉलम नावाच्या उभ्या यंत्रात ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेला असतो. कॉलम रात्रंदिवस चालतो. एका बाजूने आंबवण आत जातं, दुसऱ्या बाजूने अल्कोहोल बाहेर पडतं. एवढं शुद्ध झाल्यावर त्यात चव उरत नाही. मग थोडी माल्ट, रंग, स्वाद आणि पाणी घालून आठवडाभरात माल बाजारात जातो. युरोपात मळीच्या अल्कोहोलला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही.

पॉट स्टिल म्हणजे तांब्याचं मोठं पातेलं. दरवेळी भरायचं, तापवायचं, रिकामं करायचं, धुवायचं. सुमारे ८ टक्क्यांचं आंबवण पहिल्या गाळणीत वीस-पंचवीस टक्क्यांवर येतं, दुसऱ्या गाळणीत सत्तरच्या आसपास. या दुसऱ्या गाळणीत खरं कसब लागतं. सुरुवातीचा तिखट, झोंबणारा भाग बाजूला काढायचा, मधला घ्यायचा आणि शेवटचा जड, कुबट भाग पुन्हा बाजूला. हे दोन्ही भाग पुढच्या घाण्यात परत जातात, म्हणजे इंधन दोनदा जळतं. मधला भाग घेणं दहा मिनिटं उशिरा थांबवलं तर माल जास्त मिळतो, पण त्यात ओल्या कातड्यासारखा वास शिरतो आणि तो दहा वर्षांनीही पुरता जात नाही. शिवाय तांबं गंधकाचे वास शोषून घेता घेता झिजतं, काही वर्षांनी भांड्याचे भाग बदलावे लागतात.

४. पिंपातून उडून जाणारा भाग 'एंजल्स शेअर' म्हणून सांगतात, ते खरंच एवढं असतं का? की विकण्याची गोष्ट आहे?

खरंच असतं. एप्रिल-मेमध्ये माठातलं पाणी संध्याकाळपर्यंत दोन बोटं खाली जातं, तसंच ओकच्या लाकडातून व्हिस्की झिरपून उडत राहते. फक्त माठ आपण रोज भरतो, पिंप कोणी भरत नाही.

स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण २ टक्के जातात. बंगळुरू-गोव्याच्या उष्णतेत १० टक्के किंवा त्याहूनही जास्त. २०० लिटरचं पिंप धरून हिशेब करा. स्कॉटलंडमध्ये १२ वर्षांनी सुमारे १५७ लिटर उरतात, १८ वर्षांनी १३९. भारतात १० टक्क्यांनी ५ वर्षांतच ११८ लिटर, ८ वर्षांत ८६ आणि १२ वर्षं ठेवलंच तर फक्त ५६. बाटलीवर बारा वर्षांचा आकडा असलेली भारतीय माल्ट क्वचित का दिसते, ते यावरून कळेल.

हवा दमट की कोरडी, यानेही फरक पडतो. दमट, थंड गोदामात अल्कोहोल जास्त उडतं, त्यामुळे टक्केवारी वर्षागणिक घसरते. कोरड्या उष्ण हवेत पाणी जास्त उडतं आणि टक्केवारी वाढू शकते. भुसावळच्या मे महिन्यात पिंप ठेवलं तर दुसरा प्रकार व्हायचा.

५. बारा वर्षं ठेवायचं म्हणजे गोदामाचं भाडंच ना? त्यात एवढं काय?

भाडं लहान आहे, अडकलेला पैसा मोठा आहे. केळीची बाग लावली तर वर्ष-दीड वर्षात घड कापून पैसा हातात येतो. माल्टवाल्याने आज जव, वीज, मजुरी, पिंप यांवर १०० रुपये घातले तर पहिला रुपया बारा वर्षांनी दिसतो. वर्षाला १० टक्के व्याज धरलं तर तोवर ते १०० चे ३१४ झालेले असतात. अठरा वर्षांत ५५६. वर माल कमी झालेला (प्रश्न ४), म्हणजे हे वाढलेले पैसे कमी लिटरांवर वाटायचे.

त्यात अंदाजाची जोखीम. बारा वर्षांनी किती लोक ही व्हिस्की घेतील, हे आजच ठरवून गाळायचं. अंदाज चुकून माल कमी पडला, तर बारा वर्षांची व्हिस्की घाईने बनवता येत नाही. मग भाव चढतात किंवा कंपनी वयाचा आकडा काढून टाकते (प्रश्न १२).

६. लाकडी पिंप एकदा घेतलं की झालं. त्याचा भावाशी काय संबंध?

चवीचा मोठा भाग लाकडातून येतो, आणि लाकूड चहाच्या पुडीसारखं आहे: पहिल्या वेळी भरपूर देतं, मग कमी कमी. एक पिंप साधारण दोन ते चार वेळा वापरतात. अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप घ्यावं लागतं. वापरून झाल्यावर ती २०० लिटरची पिंपं बाहेर विकली जातात, म्हणून ती त्यातल्या त्यात स्वस्त. शेरी या स्पॅनिश वाइनची पिंपं कित्येक पट महाग, कारण आता ती मुद्दाम बनवून, वर्ष-दोन वर्षं शेरी भरून 'मुरवून' घ्यावी लागतात. मात्र शेरीचं मोठं पिंप ५०० लिटरचं असतं, त्यामुळे लिटरमागे फरक ऐकताना वाटतो तेवढा नसतो. लेबलवर 'शेरी कास्क' दिसलं म्हणून दुप्पट भाव देण्याआधी हे ध्यानात असू द्या. शेवटचे सहा महिनेच शेरीच्या पिंपात काढले असतील, तर तिथे बहुधा 'फिनिश' हा शब्द असतो.

७. करांचा वाटा नेमका किती?

आयात बाटलीच्या बाबतीत सगळ्यात मोठा. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पाने स्कॉचसारख्या आयात मद्यावर ५० टक्के मूळ सीमाशुल्क आणि १०० टक्के कृषी पायाभूत सुविधा अधिभार, असे मिळून १५० टक्के लावले (ब्रिटनच्या करारातली कपात प्रश्न ८ मध्ये). या दराने बंदरावर १००० रुपये किंमत धरलेली बाटली तिथून बाहेर पडतानाच २५०० ची होते.

त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं हे शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं. त्याआधी आणि नंतरच्या भावांत मोठी तफावत दिसते ती यामुळे. मग आयातदार, ठोक विक्रेता, वाइन शॉप यांचा नफा आणि त्यावर व्हॅट. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, म्हणून प्रत्येक राज्यात भाव वेगळा.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रत्येक कर आधीचा कर मिळवलेल्या रकमेवर चढतो. त्यामुळे मूळ बाटली २०० रुपयांनी महाग झाली की दुकानात ती हजाराच्या घरात महाग होऊ शकते.

८. इंग्लंडशी करार झाला, आता भाव निम्मे होणार का?

निम्मे होणार नाहीत. २४ जुलै २०२५ ला सह्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉचवरचं आयात शुल्क करार लागू होताच १५० वरून ७५ टक्के आणि पुढच्या दहा वर्षांत ४० टक्के करण्याची तरतूद आहे. ७५ टक्क्यांच्या दराने प्रश्न ७ मधली १००० ची बाटली २५०० ऐवजी १७५० ला बंदराबाहेर येते. पण राज्याचे कर, नफा, वाहतूक तशीच राहते, आणि कंपनीने सगळा फायदा गिऱ्हाइकाला द्यावा असं बंधन नाही. ही सवलत ब्रिटनच्या मालाला आहे. जपानी किंवा अमेरिकन व्हिस्कीला तिचा उपयोग नाही.

९. भारतीय सिंगल माल्टला आयात शुल्क नाही, वयही कमी. तरी ती स्कॉचच्या भावात का?

आयात शुल्क नाही हे बरोबर, पण उडून जाणं पाचपट आहे (प्रश्न ४). इथलं सहा ओळींचं जव (कणसात दाण्यांच्या सहा ओळी असतात ते) टरफलाने जाड, पिठूळपणा कमी, म्हणून टनामागे अल्कोहोलही कमी मिळतं. पिंपं तर अमेरिका-स्पेनहूनच येतात.

उष्णतेत लाकडाचा रंग-स्वाद झपाट्याने उतरतो, हा फायदा आहे. 'इथली पाच वर्षं म्हणजे तिथली पंधरा' असं म्हणतात ते मात्र अर्धंच खरं. लाकडातला अर्क लवकर उतरतो, पण हवेच्या संगतीने हळूहळू येणारा मऊपणा त्याच वेगाने येत नाही. म्हणून भारतीय माल्ट भरदार, गोडसर, मसालेदार लागते आणि जुनी स्कॉच वेगळीच. दोन्हीला एका मापाने तोलू नये.

बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये ग्लासगोत, म्हणजे स्कॉचच्या घरातच, आपली सिंगल माल्ट विकायला ठेवली. गोव्याची पॉल जॉन, उत्तर प्रदेशातली रामपूर, हरियाणातली इंद्री या त्यानंतरच्या. आपल्या शेजारी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीतही माल्ट गाळली जाते. पहिल्यांदा चांगली माल्ट घ्यायची असेल तर आमच्या मते भारतीयच घ्यावी. तेवढ्याच पैशात कराचा भाग कमी आणि व्हिस्कीचा भाग जास्त पदरात पडतो.

१०. सातपुड्यात मोहाची दारूही भांड्यातच गाळतात. ती स्वस्त आणि ही महाग, असं का?

तत्त्व एकच आहे: आंबवणं, तापवणं, वाफ थंड करून धरणं. मोहफुलांत साखर आयतीच असते, त्यामुळे मोड आणणं, दळणं, गरम पाण्यात साखर उतरवणं हे टप्पे लागत नाहीत. पिंप नाही, वर्षं नाहीत, कर नाही. आज गाळली, उद्या संपली.

विनापरवाना हातभट्टीपासून मात्र लांबच राहा. ती कायद्याने गुन्हा आहे, आणि तिच्यात मिथेनॉलची भेसळ झाली तर डोळे किंवा जीव जातो. वासावरून, चवीवरून किंवा पेटवून निळी ज्योत बघून ते ओळखता येत नाही.

११. आपल्या दादर ज्वारीची सिंगल माल्ट का होत नाही?

ज्वारीला मोड येतात आणि तिचं मद्यही होतं, पण प्रश्न १ मधल्या व्याख्येत फक्त जव बसतं. तांत्रिक अडचणीही आहेत. जवाचा स्टार्च ६०-६२ अंशांना मऊ होतो आणि साधारण ६४ अंशांच्या पाण्यात त्यातलीच विकरं (एन्झाइम) त्याची साखर करतात. ज्वारीचा स्टार्च मऊ व्हायला सत्तरच्या आसपास तापमान लागतं, आणि तिथे ही विकरं मरायला लागतात. शिवाय ज्वारीत साखर करणारी विकरं मुळातच कमी. तिसरी गोष्ट टरफलाची. जवाचं टरफल तळाशी बसून गाळणीचं काम करतं. ज्वारी उघडी, तिचा चिखल होतो आणि रस खाली उतरत नाही. बाहेरून विकरं घालून आणि अख्खा लगदा कॉलममध्ये टाकून हे सोडवता येतं, पण मग ती सिंगल माल्ट राहत नाही.

१२. बाटलीवर १२ लिहिलंय म्हणजे सगळी व्हिस्की बारा वर्षांची का? आणि आकडाच नसेल तर?

आकडा सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचा असतो. पिंपभर वीस वर्षांच्या व्हिस्कीत बादलीभर दहा वर्षांची मिसळली, तर बाटलीवर १० च लिहावं लागतं. आकडा नसणं म्हणजे माल वाईट, असं नाही. त्यात बहुधा कोवळी व्हिस्की आहे आणि कंपनीला ती दाखवायची नाही, एवढंच. मात्र आकडा नसलेल्या बाटलीला १८ वर्षांच्या बाटलीचा भाव मागितला जात असेल, तर तो खोक्याचा आणि नावाचा भाव आहे. बाटलीत गेल्यावर वय वाढत नाही. मामांनी १९९५ साली आणलेली १२ वर्षांची बाटली आजही १२ वर्षांचीच आहे.

१३. गडद रंग म्हणजे जुनी का? आणि धुराच्या वासाची महाग असते का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. स्कॉचमध्ये कॅरॅमल रंग (ई१५०ए) घालायला परवानगी आहे, त्यामुळे रंगावरून वय ओळखू नये.

धूर येतो पीटचा, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींच्या मातीचा. ओलं माल्ट तिच्या धुरावर वाळवतात. भरिताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलं की धूर सालीतून गरात उतरतो, तसंच. पीट स्वस्त आहे, त्यामुळे धुराने भाव वाढत नाही. वय वाढेल तसा धूर मात्र ओसरतो, म्हणून सगळ्यात धुरकट बाटल्या बहुधा कोवळ्या असतात.

१४. वाइन शॉपपेक्षा परमिट रूममध्ये पेग एवढा महाग का?

खंब्यात ३० मिलीचे २५ पेग बसतात. बाटलीचा भाव भागिले २५ करा आणि मेन्यूकार्डाशी ताडून पाहा. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूमच्या बिलावर १० टक्के व्हॅट आहे, वर परवाना शुल्क आणि जागेचा खर्च. महाग बाटली उघडून महिनोन्‌महिने पडून राहते, तो तोटाही पेगमध्येच येतो. म्हणून मागवण्याआधी बाटली किती रिकामी आहे ते बघा (कारण प्रश्न १९ मध्ये).

१५. बऱ्हाणपूर, सेंधव्याला स्वस्त मिळाली तर आणता येईल का? आणि विमानतळावरची?

परराज्यातलं मद्य परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, एक बाटली असली तरी. गुजरातकडे तर दारूबंदीच आहे. नवापूर स्टेशनच्या फलाटावरूनच राज्याची हद्द जाते, तेव्हा सुरतेच्या गाडीत पिशवीत बाटली असेल तर चार पावलांत कायदा बदलतो. परदेशातून येताना माणशी २ लिटर शुल्कमुक्त आणता येतात. पावती बाटलीबरोबर घरापर्यंत ठेवा. तिथली बाटली बहुधा १ लिटरची असते, म्हणून भाव ताडताना १०० मिलीला किती पडले ते काढा.

पिण्याचा परवानाही महाराष्ट्रात लागतो. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आजन्म १०००. आजन्म परवाना काढून ठेवणं सगळ्यात सोयीचं.

१६. बाटली खरी कशी ओळखायची? बर्फ टाकल्यावर गढूळ झाली तर ती बनावट का?

गढूळपणाचं आधी. ४६ टक्के किंवा त्याहून वरच्या अनेक माल्ट 'नॉन चिल फिल्टर्ड', म्हणजे बाटलीत भरण्याआधी थंड करून फिल्टर न केलेल्या असतात. थंडाव्याने त्यातले तेलकट घटक बाहेर येतात आणि पेला धुरकट दिसतो. हे चांगल्या मालाचं लक्षण आहे. ४०-४३ टक्क्यांची, थंड करून फिल्टर केलेली माल्ट मात्र सहसा गढूळ होत नाही.

बनावट माल बहुतेक वेळा खऱ्या रिकाम्या बाटलीत भरलेला असतो. म्हणून झाकण आणि सील बघा: उत्पादन शुल्क विभागाचं लेबल झाकणावरून अखंड गेलेलं हवं, महाराष्ट्रात विक्रीचा उल्लेख आणि एमआरपी छापलेली हवी, बॅच क्रमांक खाडाखोडीशिवाय हवा. पक्कं बिल मागा. आणि महाग बाटली संपली की भंगारवाल्याला अखंड देऊ नका. लेबल फाडा, झाकण वेगळं टाका. बनावटखोरांचा कच्चा माल तिथूनच जातो.

१७. लिलावात कोटींना बाटल्या जातात म्हणे. चार बाटल्या घेऊन ठेवल्या तर?

नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनला १९२६ ची मॅकॅलन ही स्कॉच सुमारे २१.९ लाख पौंडांना गेली. एकाच पिंपातल्या, ६० वर्षं मुरलेल्या ४० बाटल्यांपैकी ती एक. तो दुर्मीळ वस्तूचा भाव आहे, पेयाचा नाही. दुकानात सहज मिळणारी बाटली दुर्मीळ होत नाही. आणि आपल्याकडे परवान्याशिवाय मद्य विकणं गुन्हा असल्याने ती विकणार कुठे, हाच मुळात प्रश्न आहे. 'स्कॉटलंडमधलं पिंप विकत घ्या' असे फोन येत असतील, तर पिंपाचा क्रमांक आणि गोदामाने तुमच्या नावाने दिलेली लेखी पोच हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

१८. महाग व्हिस्की शरीराला कमी त्रास देते का?

नाही. ४२.८ टक्क्यांच्या ६० मिलीत सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं, बाटली स्वस्तातली असो वा सात हजारांची. यकृताला लेबल कळत नाही. माल्टमध्ये स्वादाचे घटक जास्त असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी उलट वाढूही शकते.

१९. आमच्याकडे उन्हाळ्यात ४५ अंश होतं. उघडलेली बाटली टिकेल का?

टिकेल, जागा नीट निवडली तर. पत्र्याखालचा माळा, पश्चिमेची भिंत, गाडीची डिकी या जागा टाळा. तळमजल्यावरच्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा उत्तम. धाब्याचं घर असेल तर आतली खोली त्याहून चांगली. फ्रिजची गरज नाही.

बाटली नेहमी उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर ४० टक्क्यांचं अल्कोहोल बूच खाऊन टाकतं. उभी ठेवल्याने बूच वाळतं, आपल्या कोरड्या हवेत जास्तच. म्हणून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बाटली क्षणभर कलती करून बूच ओलं करा. बूच उघडताना तुटलंच तर व्हिस्की स्वच्छ सुती कापडातून गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. प्लास्टिकच्या बाटलीत कधीही नको.

अर्ध्याहून जास्त भरलेली बाटली वर्षभर चवीत फारशी बदलत नाही. पाव उरली की आतली हवा वाढते आणि दोन-तीन महिन्यांत वास फिका पडतो. ती लहान काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा. १८० मिलीची धुऊन पूर्ण वाळवलेली बाटली चालते, फक्त झाकणाला आधीच्या दारूचा वास नको.